पिकअप आणि फोर-बाय-फोरची राइड कच्च्या रस्त्यावर मऊ कशी करायची: शॉक आणि सस्पेन्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"शॉक कुठले घेऊ?" हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर शॉकपाशी नसतंच. म्हणून खालचा क्रम मुद्दाम तसा लावला आहे. इथली उत्तरं लॅडर चॅसीच्या (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या) पिकअप आणि फोर-बाय-फोर गाड्यांसाठी आहेत. मोनोकॉक (बॉडी हाच सांगाडा असलेल्या) एसयूव्हीला यातलं बरंचसं लागू पडतं, पण सगळं नाही.

१. नवीन, महागातले शॉक टाकले की गाडी मऊ होईल ना?

होईलच असं नाही. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉक नाही. चाक वर गेलं की स्प्रिंग दबते आणि तिच्यात ताकद साठते. ती ताकद तेलाच्या बारीक वाटांमधून जिरवून तिची उष्णता करणं, एवढंच शॉकचं काम. स्प्रिंगच कडक असेल तर मऊ शॉक लावून गाडी मऊ होत नाही, नुसती उसळत राहते.

याच्या उलटही घडतं. स्प्रिंग ठीक असते, पण शॉक मेलेला असतो. मग प्रत्येक मोठ्या खड्ड्यात चाक शेवटपर्यंत वर जाऊन बंप स्टॉपवर (चाकाला आणखी वर जाण्यापासून अडवणाऱ्या रबरावर) आपटतं. चालकाला वाटतं सस्पेन्शन कडक आहे, खरं तर ते ढिलं पडलेलं असतं. अशा गाडीला आधीपेक्षा कडक शॉक लावले की ती मऊ वाटायला लागते. म्हणून खरेदीआधी प्रश्न ३ वाचा.

२. खर्च न करता काही होऊ शकतं का?

होय. टायरची हवा कमी करा. कच्च्या रस्त्यावर याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही, आणि तरीही लोक आधी शॉक विकत घेतात!

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर कंपनीने दिलेला आकडा पाहा. समजा तो ३५ पीएसआय आहे आणि गाडीत फार माल नाही, तर खडीच्या रस्त्यावर २५ ते २८, आणि मऊ वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरता येतं. हवा कमी केली की वेगही कमी करायचा आणि झटकन स्टिअरिंग मारायचं नाही. साध्या रिमवर फार खाली गेलात तर वळणावर टायर रिमवरून उतरू शकतो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. म्हणजे गाडीत कॉम्प्रेसर आणि गेज हवंच. हवा भरायची सोय नसेल तर सोडूही नका.

दुसरी फुकटची गोष्ट म्हणजे वजन. छतावरचा लोखंडी कॅरियर, त्यावर दुसरं स्टेपनी, पाण्याचे कॅन. छतावरचं वजन खाली हौद्यात आणि शक्यतो मागच्या ॲक्सलच्या पुढे आणलं, तरी गाडीचं डोलणं कमी होतं.

३. "गाडी कडक आहे" म्हणजे नेमकं काय बिघडलंय, हे कसं ओळखू?

ओळखीचा एक खराब रस्ता घ्या, त्यावर एकाच वेगाने जा आणि गचका कसा येतो ते बघा.

बारीक खडीवर सतत थरथर येते आणि स्टिअरिंग हातात झिणझिणतं, तर आधी टायरकडे बघा: जास्त हवा, नाहीतर टायरची कडक भिंत. खड्ड्याच्या तळाशी एकच "धाड" ऐकू येते तेव्हा बंप स्टॉप लागला. गाडी उंचवट्यावरून सुटते, चाक खाली लोंबकळतं आणि त्या क्षणी "टक्क" वाजतं, तर शॉक पूर्ण उघडून अडला. हे लिफ्ट केलेल्या गाड्यांत फार दिसतं (प्रश्न ९). एका दणक्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत राहिली तर शॉक उघडताना पुरेसा आवळत नाही. आणि पहिला गचका सुसह्य, दुसरा त्याहून कडक, चौथा असह्य असं होत असेल, तर शॉक उघडताना फार आवळतो. चाक खाली यायला वेळच मिळत नाही, म्हणून प्रत्येक गचक्यागणिक गाडी बसत जाते.

एक सोपी चाचणी. शॉकचा चकचकीत दांडा उघडा असेल तर त्यावर प्लास्टिकची केबल टाय घट्ट बसवा, शॉकच्या नळीला टेकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून या. टाय सरकून जिथे थांबली असेल तिथपर्यंत शॉक दबला होता. मग वाकून बंप स्टॉपचं रबर बघा. सगळीकडे धूळ-चिखल आणि मधोमध तेवढी घासून काळी झालेली स्वच्छ जागा दिसली, तर रोज तिथेच आपटतंय. टाय अर्ध्यातच थांबली असेल आणि तरी राइड कडक असेल, तर स्प्रिंग किंवा शॉक चाकाला हलूच देत नाही.

४. रिकामी पिकअप मागून उडते, माल भरला की मस्त चालते. काय करू?

कंपनीने मागचे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) पूर्ण भरलेल्या हौद्यासाठी दिलेले असतात. टनभर माल पेलायचे पाटे रिकाम्या हौद्याखाली जवळजवळ हलतच नाहीत. यावर शॉक हा उपाय नाही.

आधी स्वतःला विचारा, वर्षातले किती दिवस गाडी खरंच भरलेली असते? कायम थोडं सामान असेल (कॅनोपी, फ्रीज, हत्यारं), तर त्या वजनाला जुळणारा पाट्यांचा सेट घ्या. चांगले सेट जास्त संख्येच्या पण पातळ पाट्यांचे असतात. तेवढीच ताकद, पण छोट्या गचक्यांना लवकर हलणारे. पाटे एकमेकांवर घासतात तेव्हा सुरुवातीचा छोटा गचका त्या घर्षणातच अडकतो. म्हणून पाट्यांच्या टोकांना प्लास्टिकचे पॅड असलेला सेट कच्च्यावर चांगला वाटतो. जुन्या पाट्यांत पॅड झिजून लोखंडाला लोखंड लागत असेल तर नुसते पॅड बदलूनही फरक कळतो.

शॅकलचा, म्हणजे पाट्याचं एक टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचा, कोन बघायला विसरू नका. पाटा दबला की लांब होतो, आणि ती लांबी शॅकल मागे झुकून घेतो. शॅकल जवळजवळ टोकाला झुकलेला असेल किंवा त्याचे बुश गंजून आवळले असतील, तर कुठलेही पाटे टाका, मागची बाजू कडकच राहणार.

सगळ्यात खालचा जाड पाटा काढून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. रिकाम्या गाडीत तो बहुधा लागतही नाही, त्यामुळे काढून फायदा कमी, आणि माल भरला की गाडी बसते. मी काढायला सांगत नाही.

५. स्प्रिंग किती मऊ घ्यावी? आकडे कसे वाचायचे?

कॉइल स्प्रिंगचा दर बहुधा पाउंड प्रति इंचमध्ये देतात. ६०० म्हणजे स्प्रिंग एक इंच दाबायला ६०० पाउंड वजन लागतं. पण हा आकडा थेट चाकाला लागू होत नाही. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मच्या (चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मध्ये कुठेतरी टेकलेली असते. चाक एक इंच वर गेलं आणि स्प्रिंग ०.६ इंचच दबली, तर चाकापाशी जाणवणारा दर ०.६ चा वर्ग, म्हणजे ०.३६ पट होतो: ६०० ऐवजी सुमारे २१६. त्यामुळे दुसऱ्या मॉडेलच्या गाडीतला स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

निवड वजनावरून करायची. पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आणि लोखंडी बंपर असेल तर ते धरून, नसेल तर ते न धरता. "कधीतरी विंच लावू, तेव्हा आत्ताच जड स्प्रिंग घेऊन ठेवतो" असं म्हणून केलेली खरेदी हे कडक राइडचं फार मोठं कारण आहे. शक्य असेल तर गाडी नेहमीच्या सामानासकट वजनकाट्यावर न्या आणि पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजा.

प्रमाणाबाहेर मऊ स्प्रिंग घेतली तर गाडी बसते, वर जायला जागा उरत नाही आणि बंप स्टॉप लागायला लागतो. मऊपणाला चाल लागते, म्हणजे चाकाला वर-खाली जायला मोकळी जागा. फोर्डच्या एफ-१५० रॅप्टरच्या २०१७ च्या मॉडेलला पुढे १३ आणि मागे १३.९ इंच चाल होती. ती गाडी कच्च्यावर वेगात मऊ वाटते त्याचं मूळ इथे आहे. २०२१ मध्ये त्यांनी मागचे पाटेच काढून कॉइल दिल्या.

६. ट्विन-ट्यूब, मोनोट्यूब आणि रिझर्व्हायर यात काय फरक? मऊ कुठला?

ट्विन-ट्यूबमध्ये नळीच्या आत नळी असते. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्यात जादा तेल आणि कमी दाबाचा गॅस. बाहेरची नळी दगड लागून चेपली तरी आतला पिस्टन चालत राहतो. वेग कमी, रस्ता दगडगोट्यांचा, तर हाच शॉक सहसा मऊ लागतो. ओल्ड मॅन ईमू या ब्रँडचा नायट्रोचार्जर या जातीचा.

मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते, आणि तेल व जास्त दाबाचा गॅस यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो. फ्रेंच अभियंता द कार्बोन यांची ही कल्पना शॉक बनवणाऱ्या बिलस्टीन कंपनीने १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांसाठी उत्पादनात आणली. बाहेरची हवा थेट नळीला लागते म्हणून तो लवकर थंड होतो, आणि गॅसच्या दाबामुळे तेलाला सहज फेस येत नाही. तोटा असा की तोच दाब दांड्याला सतत बाहेर ढकलतो, सीलही घट्ट असतं, त्यामुळे बारीक खडीवर तो किंचित कडक वाटू शकतो. नळी चेपली तर मात्र पिस्टन अडकतो.

रिझर्व्हायर म्हणजे मोनोट्यूबचा गॅस आणि काही तेल वेगळ्या डब्यात. त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या शॉकमध्ये चाल जास्त मिळते आणि तेलही जास्त मावतं. मऊ-कडक याच्याशी डब्याचा थेट संबंध नाही. ते आतल्या व्हॉल्व्हच्या पातळ चकत्यांवर ठरतं.

बायपास शॉकची गोष्ट वेगळी. त्यात मधल्या चालीत तेलाला पिस्टनच्या बाजूने जायला वाट असते, आणि शेवटाकडे ती बंद होते. म्हणजे छोट्या गचक्याला मऊ, मोठ्या खड्ड्याला कडक. वेगात जाणाऱ्यांसाठी हे उत्तम; तासाला दहा-पंधरा किलोमीटरने दगडांवर चढणाऱ्याने एवढे पैसे घालवू नयेत.

७. २.० आणि २.५ इंच म्हणजे काय? मोठा तो मऊ?

तो नळीचा व्यास. मोठ्या नळीत तेल जास्त, पिस्टन मोठा, तापायला वेळ जास्त. मऊपणा वाढत नाही, टिकतो. रोजचा रस्ता आणि अधूनमधून कच्चा असेल तर २.० पुरतो. तासन्‌तास कंगोऱ्यांवर जायचं असेल तर प्रश्न ८ बघा.

८. पत्र्यासारखे कंगोरे पडलेल्या रस्त्यावर सुरुवातीला बरं वाटतं, तासाभराने गाडी तरंगायला लागते. शॉक गेले का?

गेले असतीलच असं नाही, तापले आहेत. कंगोऱ्यांवर पिस्टन मिनिटाला शेकडो वेळा मागेपुढे होतो. तेल तापून पातळ होतं, आणि ट्विन-ट्यूबमध्ये त्यात गॅसचे बुडबुडे मिसळतात. पिस्टन मग तेलाऐवजी फेसातून जातो. गाडी थांबवून शॉकजवळ हात न्या, पण टेकवू नका. दोन बोटांवरूनच धग लागेल. चारपैकी एकच शॉक गार असेल, तर तो काम करत नाही आणि त्याचा भार बाकीचे वाहताहेत.

उपाय याच क्रमाने करा: हवा कमी (प्रश्न २), वेग कमी, मध्येमध्ये थांबणं. तरी रोज हेच होत असेल तर मोठा मोनोट्यूब किंवा रिझर्व्हायर. ओल्या कापडाने किंवा पाणी ओतून शॉक गार करू नका. तापलेल्या सीलला ते सोसत नाही.

९. दोन इंच लिफ्ट केली तर राइड मऊ होईल का?

लिफ्टने उंची मिळते, मऊपणा नाही. शॉकची एकूण चाल तेवढीच राहते. गाडी दोन इंच वर उचलली की चाक खाली जायची चाल तेवढी कमी होते आणि प्रश्न ३ मधला "टक्क" सुरू होतो. बिलस्टीन ५१०० सारख्या पुढच्या शॉकवर स्प्रिंगची बैठक वर घ्यायला खाचा असतात. सगळ्यात वरच्या खाचेत बसवून "राइड कडक झाली" म्हणणाऱ्यांनी ती एक-दोन खाचा खाली आणून बघावी.

बैठक वर घेतल्याने स्प्रिंग कडक होते, हा मात्र गैरसमज आहे. सरळ दराच्या (कितीही दाबली तरी दर सारखाच असणाऱ्या) स्प्रिंगचा दर तोच राहतो. वाढते ती उंची. कडकपणा येतो तो संपलेल्या चालीमुळे.

पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनला साधारण दोन इंचांच्या वर नेलं की वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) वाकड्या कोनात चालतात, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ राहत नाही. त्यासाठी बदललेले वरचे आर्म लागतात. टायरला जागा हवी म्हणून लिफ्ट करणं ठीक. मऊ राइडसाठी लिफ्ट करू नका.

१०. बंप स्टॉप कापले तर चाल वाढते म्हणतात. कापू?

नको. मग रबराऐवजी लोखंड लागतं, किंवा शॉकचा पिस्टन तळाला आपटतो आणि शॉकच जातो. कडक रबराच्या जागी फोमसारखे, हळूहळू दबणारे पॉलियुरेथेनचे स्टॉप मिळतात. ते लवकर लागतात, पण "धाड" ऐवजी "धप्प" होतं. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या बऱ्याच गाड्यांत स्टॉप आणि आर्म यांच्यात मुळातच इंच-दीड इंच जागा असते, म्हणून तिथे हा स्वस्त बदल शॉकपेक्षा जास्त जाणवू शकतो. पैशाच्या मानाने हा माझा आवडता बदल आहे.

११. ॲडजस्टेबल शॉकचे खटके कसे लावू?

पूर्ण मऊपासून सुरुवात करा. एका वेळी एकच बदल, तोही दोन खटक्यांचा, आणि दर वेळी तोच रस्ता, तोच वेग. दोन वेगळे नॉब असतील (दबताना आणि उघडताना), तर आधी उघडतानाचा लावा: गाडी एका झोक्यात शांत व्हावी, इतकाच.

दबतानाच्या नॉबवर "हाय स्पीड" आणि "लो स्पीड" लिहिलं असेल तर तो गाडीचा वेग नव्हे, दांड्याचा वेग. टोकदार दगड म्हणजे हाय स्पीड, मग गाडी सावकाश का असेना. वळणावर कलणं आणि ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं म्हणजे लो स्पीड. गचके टोचतात म्हणून लो स्पीड सोडत बसलात तर गाडी फक्त डोलेल.

१२. डोकं सतत डावी-उजवीकडे आपटतं. अँटी-रोल बार काढला तर?

हळू, वेड्यावाकड्या रस्त्यावर फरक पडतो, कारण डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा बार एका बाजूचा गचका दुसऱ्या बाजूला नेतो. पण कायमचा काढू नका. महामार्गावर अचानक लेन बदलताना तोच गाडीला धरून ठेवतो, आणि गाडीची इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली बार आहे असं धरूनच बसवलेली असते. झटपट सुटणाऱ्या लिंक बसवा आणि डांबरी रस्त्यावर येताच जोडा. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये पुढचा बार बटणाने सुटतो, पण ताशी सुमारे २९ किलोमीटरच्या वर गेलं की तो आपणहून जोडला जातो. हीच मर्यादा स्वतःलाही लावून घ्या.

१३. ऑल-टेरेन टायर टाकल्यापासून राइड बिघडली. शॉक बदलू?

टायरच्या भिंतीवर लोड रेंज (टायर किती भार पेलतो त्याचं अक्षर) बघा. 'सी' रेंजचा एलटी (लाइट ट्रक) टायर ५० पीएसआयपर्यंतचा, 'ई' ८० पर्यंतचा. 'ई' ची भिंत जाड, टायर जड. हलक्या पिकअपला सहसा 'सी' पुरतो. जड टायर आणि रिम हे वजन स्प्रिंगच्या खालचं असल्याने शॉकला ते आवरणं अवघड जातं. रिमही बघा: बाहेरून तेवढाच टायर २० ऐवजी १७ इंची रिमवर बसवला तर भिंतीला दीड इंच जास्त उंची मिळते.

१४. बसवताना गॅरेजवाल्याला काय सांगू?

एक गोष्ट आवर्जून सांगा: आर्मचे आणि पाट्यांचे रबर बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे टाइट करायचे. गाडी लिफ्टवर लटकलेली असताना टाइट केले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की पिळलेलंच राहतं, राइड कडक होते आणि बुश लवकर फाटतात. नवीन सस्पेन्शन कडक लागतंय अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच तपासायला सांगतो. बोल्ट सैल करून, गाडी खाली ठेवून, दोन-तीनदा दाबून पुन्हा टाइट करायला फार वेळ लागत नाही.

त्यानंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटची उंची. मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर तोही. मागची उंची वाढली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

१५. माझ्या गाडीत इलेक्ट्रॉनिक शॉक आहेत. साधे बसवता येतील?

येतात, पण वायर नुसती सोडली तर डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि काही गाड्यांत बाकीच्या प्रणालीही बंद पडतात. त्या मॉडेलसाठी बनवलेलं, शॉक जागेवरच आहे असं भासवणारं मॉड्यूल मिळत असेल तरच हात घाला.

१६. कधी ट्रेलर ओढतो, कधी रिकामा कच्च्यावर जातो. पाट्यांवर एअरबॅग लावल्या तर दोन्ही साधेल?

बऱ्यापैकी साधतं. मऊ पाटे ठेवायचे आणि वजन आलं की बॅगेत हवा भरायची. रिकाम्या गाडीत हवा उत्पादकाने दिलेल्या किमान दाबावर ठेवा. अगदी शून्यावर गेली तर बॅगेला घडी पडून ती चिरते.

दोन अडचणी आहेत. दोन्ही टोकांना पक्की आवळलेली बॅग ॲक्सलला पूर्ण खाली लोंबू देत नाही. वेड्यावाकड्या रस्त्यावर चाक लटकलं की बॅग ताणली जाते. त्यासाठी खालून मोकळी सुटणारी बैठक घ्या. दुसरी अडचण जास्त गंभीर. पाटा चॅसीवर दोन टोकांना भार टाकतो, बॅग मात्र ॲक्सलच्या बरोबर वर एकाच ठिकाणी ढकलते. हौद्याच्या शेवटी जड सामान, मागे ट्रेलरचा भार आणि बॅगेत भरपूर हवा असं असताना खड्ड्यात आदळलं की चॅसी त्या जागी वाकते. डबल कॅब पिकअपमध्ये हे होतं, कारण तिचा हौदा ॲक्सलच्या बराच मागे जातो. बॅगेने गाडी सरळ दिसते, पण कंपनीने दिलेली भारक्षमता एक किलोनेही वाढत नाही. ट्रेलर वर्षातून महिनोन्‌महिने ओढत असाल तर बॅगऐवजी प्रश्न ४ मधले जड पाटे घ्या, आणि रिकाम्या फेऱ्यांना टायरची हवा कमी करून भागवा.